हैबतराव : एका दुर्मीळ नावाची गोष्ट

आज आपण एका नावाबद्दल बोलणार आहोत. नाव आहे हैबत, म्हणजे हैबतराव. तुमच्यापैकी कुणाच्या सासऱ्यांचं किंवा आजोबांचं हे नाव असेलही. पण आज अंगणवाडीच्या हजेरीपटावर शोधलंत, तर ते क्वचितच सापडेल.

हा विषय आमच्या दिघीतल्या एका गटाच्या मासिक बैठकीत निघाला. हप्ते जमा झाले, कर्जाचं बोलणं झालं आणि मग एका ताईंनी नातू झाल्याचे पेढे वाटले. त्यांच्या सुनेला बाळाला पणजोबांचं नाव द्यायचं होतं, हैबत. एवढं ऐकलं आणि बैठकीत दोन तट पडले. एकजण म्हणाली, "अगं, हे तर मुसलमानी नाव." दुसरी म्हणाली, "हैबत म्हणजे भीती. लेकराला असलं नाव ठेवतात होय?" तिसरी म्हणाली, "शाळेत पोरं चिडवतील." सून गप्प बसली. तिघींचं बोलणं काळजीपोटीच होतं. पण माहिती न घेता एखादं नाव बाद करू नये, म्हणून या तीन शंकांचा आज नीट विचार करू.

पहिली शंका, नाव कुणाचं? हैबत हा शब्द मूळ अरबी आहे, हे खरं. अरबीत तो 'हैबा' असा आहे. फारसीत गेल्यावर त्याला शेवटी 'त' लागला आणि फारसीतून तो आपल्याकडे आला. दख्खनमध्ये 1347 साली बहमनी राज्य सुरू झालं. पुढे निजामशाही आणि आदिलशाही आली. दरबाराच्या कागदोपत्री फारसी चालायची, त्यामुळे तिचे शब्द गावोगाव पोचले. हरकत, सवलत, किंमत, मेहनत, बरकत, दौलत हे सगळे त्याच वाटेनं आलेले अरबी शब्द आहेत. आपल्या गटाचा खजिना आणि खजिनदारातला 'खजिना' हाही अरबीच. 'बचत' मात्र आपला देशी शब्द आहे, 'बचणे'वरून झालेला.

आणखी एक गंमत सांगते. दिघीत आळंदी रस्त्यावर मॅगझिन चौक आहे. मॅगझिन म्हणजे दारूगोळ्याचं कोठार. हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला, पण त्याचं मूळही अरबीच, 'मखझन' म्हणजे कोठार. खजिना आणि मॅगझिन ही एकाच मुळाची दोन लेकरं. एक फारसीच्या वाटेनं आलं, दुसरं युरोप फिरून आलं.

शब्द अरबी असला म्हणून नाव परकं होत नाही. मराठी घरांत दौलतराव, हिंमतराव, साहेबराव कितीतरी होऊन गेले. या नावांतला पहिला भाग अरबी आणि 'राव' हा संस्कृत 'राजा'वरून आलेला. शिवाजी महाराजांच्या घराण्यातलंच उदाहरण घ्या. त्यांचे वडील शहाजी आणि चुलते शरीफजी. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ पिरांवरून मालोजीराजांनी ही नावं ठेवली, अशी परंपरा सांगते. शरीफ म्हणजे थोर, कुलीन. हाही अरबी शब्द.

आणि समजा, हैबत हे फक्त मुसलमान घरांतलंच नाव असतं, तरी ते उच्चारताना आवाज खाली आणायचं कारण नव्हतं. आपल्या गटांत मुसलमान बहिणीही हप्ता भरतात, एकमेकींना जामीन राहतात. त्यांच्या समोर आपण काय आणि कसं बोलतो, याचा विचार आपणच करायला हवा.

दुसरी शंका, अर्थ. मराठीत "त्याची हैबत बसली" म्हणजे धास्ती बसली. म्हणून भीतीचा अर्थ आपल्या डोक्यात पक्का आहे. पण अरबीत हैबा म्हणजे नुसतं भय नव्हे. थोर माणूस समोर आला की आपण आपोआप पदर सावरतो, आवाज हळू करतो, तो आदर आणि दबदबा म्हणजे हैबा. आपला 'दरारा' हा शब्द जवळचा आहे. भीती वाटणाऱ्यापासून माणूस पळतो, दरारा असलेल्याचं मात्र ऐकतो.

हा अर्थ समजायला आपल्याला लांब जायला नको. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते आणि दुसऱ्या दिवशी दिघीवरून पुण्याकडे जाते. आपण रस्त्यावर उभ्या राहून पाणी देतो, फराळ देतो. या सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप देणारे गृहस्थ म्हणजे हैबतराव पवार आरफळकर, वारकऱ्यांचे हैबतबाबा.

ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना पकडून गुहेत कोंडलं, तिथं त्यांनी हरिपाठ चालू ठेवला आणि शेवटी सुटका झाली, अशी कथा वारकरी सांगतात. नंतर ते घरी राहिले नाहीत, आळंदीला माउलींच्या सेवेत राहिले. त्याआधी तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 च्या सुमारास पालखीची प्रथा सुरू केली होती. त्यात तुकोबा आणि माउली, दोघांच्या पादुका एकत्र जात. हैबतबाबांनी 1832 च्या सुमारास माउलींचा सोहळा वेगळा सुरू केला. त्यासाठी बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. आजही माउलींचे अश्व अंकलीहूनच येतात.

बाबा फौजेत राहिलेले. दिंड्यांचा क्रम, भजनाचा क्रम, मुक्काम, तंबू, नगारा, सगळं त्यांनी बांधून दिलं. मुक्कामाला समाज आरती होते. हजारो माणसांचे टाळ वाजत असतात. चोपदार हातातला दंड वर करतो आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात, म्हणजे तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. इथं कुणी कुणाला मारत नाही की दंड भरायला लावत नाही, तरी सगळे ऐकतात. हैबा म्हणजे काय, ते इथं डोळ्यांनी दिसतं. आळंदीला देवळाच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. कार्तिकी यात्रेची सुरुवात त्या पायरीच्या पूजनानं होते. तेव्हा मैत्रिणींनो, नाव दरबारातून आलं खरं, पण वारीनं ते देवळाच्या पायरीशी नेलं.

तिसरी शंका, हे नाव कोण ठेवतं? एकेकाळी ते मोठ्या घरांतलं नाव होतं. शिवकाळात गुंजण मावळात हैबतराव शिळीमकर देशमुख होते. छत्रपती शाहूंच्या काळात हैबतराव निंबाळकर सरलष्कर होते. साताऱ्याकडचे शाहीर हैबती हेही याच नावाचे. उत्तरेत शेरशहाच्या पदरी हैबतखान नियाझी होता. म्हणजे एकच नाव 'राव' लावून आपल्याकडे चाललं आणि 'खान' लावून तिकडे. पुढे सरदारक्या गेल्या, दरबारी नावांची हौस ओसरली. आज लोकांना दोन अक्षरी, मऊ नावं आवडतात. हैबत मागे पडलं ते असं. त्यात नावाचा काही दोष नाही.

राहिला चिडवण्याचा प्रश्न. नावाचा अर्थ आणि हैबतबाबांची गोष्ट ज्या मुलाला ठाऊक असते, तो उत्तर देऊ शकतो. ते त्याला सांगणं हे घराचं काम. नाव मात्र त्या घरानं, त्यातही आईनं, ठरवावं. गटानं मत द्यावं, निकाल देऊ नये.

आता थोडं कागदांचं. बाळाच्या जन्माची नोंद 21 दिवसांत करा. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते. नाव वर्षभरात फी न भरता घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळेपासून आधारपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. हैबत, हैबती, हैबतराव यांपैकी एकच रूप आणि इंग्रजीतलं एकच स्पेलिंग ठरवा आणि तेच सगळीकडे लावा. नाव जितकं दुर्मीळ, तितकं ते लिहिणाऱ्याकडून चुकतं. दाखला हातात पडला की खिडकीपाशीच वाचून घ्या.

पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं सासर आणि माहेर मिळून चार पिढ्यांची नावं सांगावी, बायकांचीही. सचिवताईंनी ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावी. ज्यांना ती नावं माहीत आहेत, त्या आजी अजून आपल्यात आहेत, तोवर विचारून घ्या.