गॅस्केट : लहान वस्तू, मोठी जबाबदारी

प्रेशर कुकरच्या झाकणातील रबरी कडे जुने झाले की वाफ कडेने निसटू लागते आणि शिटी काही केल्या होत नाही. आपण बाजारातून दुसरे कडे आणतो आणि प्रश्न मिटतो. रासायनिक कारखान्यात याच जातीची वस्तू दोन नळांच्या जोडावर बसलेली असते; पण तेथे आतून आम्ल, क्षार अथवा ज्वलनशील द्रावक वाहत असते.

धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत केले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतातच. मध्ये दाबलेले रबर पूर्ववत होण्याची सतत धडपड करते आणि त्या धडपडीतूनच फटी बुजतात. ही उसळी संपली की गळती सुरू होते. अति उष्णतेने रबर कायमचे चपटे होते, प्रतिकूल द्रवात ते फुगून मऊ पडते आणि कडक थंडीत ताठरते.

सर्व संकटांना पुरून उरणारे रबर मात्र नाही. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते. नायट्राइल रबर तेलाला दाद देत नाही, परंतु साधारण १०० ते १२० अंश सेल्सियसपलीकडे ते फार काळ टिकत नाही. ईपीडीएम रबर वाफ, ऊन व सौम्य आम्ल-क्षार उत्तम सोसते. खनिज तेल लागले की मात्र बिघडते. सिलिकोन रबर उणे ५० अंशांपासून सुमारे २०० अंशांपर्यंत मऊ राहते, पण चटकन फाटते. फ्लुओरोकार्बन रबर, म्हणजे बाजारातील ‘व्हायटन’, हे या घराण्यातील मातबर. इंधने, तीव्र आम्ले आणि २०० अंशांची उष्णता ते सहन करते. तरीही अ‍ॅसिटोनमध्ये ते फुगते, आणि सर्वसाधारण व्हायटनला थंडी मानवत नाही.

या शेवटच्या उणिवेची किंमत जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिली. ‘चॅलेंजर’ अवकाशयानाच्या घन इंधन रॉकेटांच्या सांध्यांत फ्लुओरोकार्बन रबराची, जेमतेम ७ मिलिमीटर जाडीची कडी होती. उड्डाणाच्या वेळी हवेचे तापमान २ अंशांच्या आसपास होते. एवढ्या थंडीत उड्डाण करू नये, असे रॉकेट बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितले होते. ते मानले गेले नाही. ताठरलेल्या कड्यांतून तप्त वायू निसटला आणि ७३ सेकंदांत यान नष्ट होऊन सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. पुढे चौकशी आयोगासमोर नोबेल विजेते शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा शिकंज्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडविला. शिकंजा सोडल्यावर तो लगेच उसळला नाही. एवढासा प्रयोग, पण जाडजूड अहवालांपेक्षा तो लोकांच्या अधिक लक्षात राहिला.

लघुउद्योगाच्या प्रकल्प अहवालात गॅस्केट बहुधा ‘किरकोळ साहित्य’ या सदरात दडलेले असते. खरेदी करताना नळातून काय वाहते एवढेच विचारले जाते. नळ कशाने धुतला जातो, हे मात्र राहून जाते. आम्लाला पुरून उरलेले व्हायटन गरम कॉस्टिक सोड्याच्या धुलाईत हळूहळू ठिसूळ होते, आणि दोष मात्र आम्लावर जातो.

शिवाय नायट्राइल, ईपीडीएम व व्हायटन ही तिन्ही बहुधा काळ्याच रंगात मिळतात आणि नजरेला सारखीच दिसतात. म्हणून भांडारात ती नाव व खरेदीची तारीख लिहिलेल्या वेगवेगळ्या पिशव्यांत, उन्हापासून व चालू विद्युत मोटारीपासून दूर ठेवावीत. मोटारीच्या ठिणग्यांतून निर्माण होणारा ओझोन वायू नायट्राइल रबराला पडून असतानाही चिरा पाडतो.