निर्माल्यापासून नत्रापर्यंत

भाद्रपदात गणेशविसर्जनाच्या दिवशी शनिवार पेठेतील काही घरांत पाण्याच्या बादलीत एक पांढरी पूड विरघळवली जाते. ती पूड म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केलेल्या या पद्धतीचा महानगरपालिकेने २०१६ पासून प्रसार केला. प्लास्टरची मूर्ती त्या द्रावणात हळूहळू विरघळते. तळाशी चुनखडीचा साका बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत उरते. बादलीवर वाकले की एक उग्र दर्प नाकाला झोंबतो. पूर्वी कल्हईवाल्याच्या नवसागराच्या धुरातही तोच जाणवे. हा दर्प अमोनियाचा.

हा अमोनिया येतो कोठून? हवेत ७८ टक्के नत्र आहे. परंतु पिकांना तो थेट घेता येत नाही. १९०९ साली फ्रित्झ हाबर यांनी नत्र व हायड्रोजन यांचा संयोग प्रयोगशाळेत घडवून दाखवला आणि १९१३ मध्ये कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांनी जर्मनीत ओप्पाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. सतरा किलो अमोनियात चौदा किलो नत्र आणि तीन किलो हायड्रोजन असतो. नत्र हवेतून मिळतो. खरी अडचण त्या तीन किलोंची आहे. आज आपल्याकडे हा हायड्रोजन प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून काढतात. त्यातील मोठा भाग आयात होतो, आणि टनभर अमोनियामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या ताटातील भाकरी अशा रीतीने दूरदेशीच्या वायूवर अवलंबून राहते.

उसाचे पाचट, भाताचा पेंढा, वाळलेला पालापाचोळा यांतही हायड्रोजन आहे. मर्यादित हवेत हा काडीकचरा सातशे ते नऊशे अंश तापवला, की कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण निघते. त्यात वाफ मिसळून हायड्रोजन वाढवता येतो, आणि शुद्ध केल्यावर तो हवेतील नत्राशी जोडता येतो. दुसरी वाट जिवाणूंची. आगरकर संशोधन संस्थेने केपीआयटीच्या सहकार्याने पिकांच्या अवशेषांपासून जिवाणूंच्या साहाय्याने हायड्रोजन मिळवण्याचे तंत्र विकसित केल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. २०२३ च्या केंद्रीय निकषानुसार एक किलो हायड्रोजनमागे दोन किलोंपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड निघता कामा नये. जैवभारापासून मिळवलेल्या हायड्रोजनलाही हीच मर्यादा आहे.

मात्र 'हरित' या शब्दाने भुलून जाऊ नये. पाचट शेतात कुजले तर मातीला सेंद्रिय कर्ब मिळतो. ते सारेच उचलून नेले तर एका हाताने खत देऊन दुसऱ्या हाताने जमिनीचा कस काढून घेतल्यासारखे होईल. म्हणून क्रम असा असावा : जे मातीला देता येते ते आधी मातीला, जे अन्यथा पेटवून दिले जाते, ते कारखान्याला. पाचटाच्या जाळात हवा तर बिघडतेच, त्याबरोबर असंख्य जीवजंतूंचाही नाश होतो.

या साऱ्याची सुरुवात घरातच होते. निर्माल्यात प्लास्टिकची पिशवी आणि थर्माकोलची मखर मिसळली, की त्याचे ना खत होते, ना इंधन. ओले आणि सुके वेगळे ठेवणारा हात या प्रक्रियेतील पहिला कारागीर आहे. पुढच्या भाद्रपदात बादलीतला तो दर्प आला, की एवढे स्मरण अवश्य ठेवावे.