मंडळी ही वधू, म्हणजे नेमकं काय?

आता ‘मंडळी’ हा शब्दच बघा. जमलेल्या लोकांना आपण मंडळी म्हणतो. जुनी माणसं बायकोलाही ‘आमची मंडळी’ म्हणायची. मराठी बायबलात चर्चसाठी हाच शब्द आहे, आणि ही मंडळी ख्रिस्ताची वधू मानली जाते. ज्ञानदेवांच्या विरहिणीत एकटा जीव व्याकुळ होतो. इथं वधू म्हणजे सगळा समुदाय.

करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल वाङ्‌निश्चयाची भाषा वापरतो. यहुदी रीतीत वाङ्‌निश्चयानंच बंधन पक्कं होई. वधूला घरी नेणं नंतर. लग्नसोहळा येतो तो थेट प्रकटीकरणाच्या १९व्या अध्यायात. म्हणजे मंडळी अजून वाट पाहते आहे.

आणि वर काय करतो? इफिसकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात तो काही मागत नाही, वधूसाठी स्वतःला देतो. आपल्या नांदेड-लातूरकडं १९६१चा हुंडाबंदी कायदा असूनही पोरीच्या लग्नापायी बाप कर्जात बुडतो. त्या अध्यायातलं पत्नीनं अधीन राहण्याचं वाक्य सगळ्यांना पाठ. नवऱ्यावरचा भार वाचायचा राहून जातो. आम्ही म्हणतो, रूपक घ्यायचं तर पुरतं घ्या. मग हुंडा मागायला तोंडच उरत नाही.