लेड झेपेलिनचें कुळ कोणतें?

‘झेपेलिन’ हा शब्द ऐकतांच जुन्या पिढीच्या वाचकांस जर्मनांचें तें महाकाय हवाई जहाज आठवेल. १९३७ सालीं ‘हिंडेनबर्ग’ नांवाचें असेंच एक जहाज अमेरिकेंत उतरतां उतरतां पेटलें. त्या जळत्या जहाजाचें चित्र आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर छापून १९६९ च्या आरंभीं चार इंग्रज तरुणांचा ‘लेड झेपेलिन’ हा वाद्यवृंद लोकांपुढें आला. जिमी पेज गिटार वाजवी, रॉबर्ट प्लांट गाई, जॉन पॉल जोन्स खर्जाची गिटार व पेटीवर्गांतील वाद्यें सांभाळी, आणि जॉन बोनहॅम ड्रमवर बसे. १९८० मध्यें बोनहॅम अकालीं वारला व उरलेल्या तिघांनीं त्याच वर्षीं वृंद मोडला. उणापुरा बारा वर्षांचा हा संसार. परंतु त्यांच्या संगीतास कोणतें नांव द्यावें, याविषयींचा वाद रसिकांत अद्याप रंगतो.

बहुतेकांचें उत्तर ठरलेलें असतें: ‘हेवी मेटल’. या प्रकारांत गिटारचा ध्वनि विजेच्या साह्यानें फुगवून मुद्दाम खरखरीत करतात, एखादी छोटी स्वरपंक्ति घणाच्या घावांप्रमाणें पुन:पुन्हां आदळतात, आणि गायक तार सप्तकांत किंकाळी फोडतो. लेड झेपेलिनच्या पहिल्या दोन तबकड्यांत हीं लक्षणें सांपडतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. तथापि पेज व प्लांट या उभयतांस हें बिरुद कधींच रुचलें नाहीं, आणि त्यांच्या बाजूनेंही पुरावा आहे. १९७० सालीं हे दोघे वेल्समधील वीज नसलेल्या एका जुन्या घरांत जाऊन राहिले. त्यानंतर निघालेल्या तिसऱ्या तबकडीचा जवळजवळ निम्मा भाग साध्या गिटारीवरील, लोकगीताच्या वळणाचा आहे. ‘काश्मीर’ (१९७५) या गाण्यांत तर ड्रम चार मात्रांनीं चालतो, वरची स्वरपंक्ति तीन मात्रांनीं फिरते, आणि बारा मात्रा पुऱ्या झाल्या म्हणजे दोघांची गांठ पडते. लयकारीची संवय असलेल्या आपल्या कानास तेथें समेची मौज वाटते. (गंमत अशी कीं, त्याचे शब्द सुचले ते मोरोक्कोच्या ओसाड रस्त्यावर, काश्मीर चौघांपैकीं कोणींच पाहिलें नव्हतें!)

वर्ग पाडणारे स्वतःच किती गोंधळतात, याचें उदाहरण म्हणून १९८९ सालच्या ग्रॅमी पारितोषिकाकडे पाहावें. हार्ड रॉक व मेटल यांसाठीं त्या वर्षीं प्रथमच वेगळें पारितोषिक ठेवलें होतें. तें मेटॅलिका या वृंदास न मिळतां, बासरीसाठीं प्रसिद्ध असलेल्या जेथ्रो टल या वृंदास मिळालें. श्रोत्यांस हंसावें कीं चिडावें हें कळेना.

मग कोणी म्हणेल, गाणें कानास गोड लागलें म्हणजे झालें, नांवाची उठाठेव कशास? आम्हांसही पूर्वीं असेंच वाटे. पण आपल्याकडे एखाद्या गवयास ‘घराणें कोणतें?’ असें विचारतात, तें केवळ त्याच्या तानांची ठेवण कळावी म्हणून नव्हे. गुरु कोण, चीज कोणापासून मिळाली, हेंही त्या प्रश्नांत असतें. तोच प्रश्न लेड झेपेलिनला विचारला कीं वादाचें स्वरूप पालटतें.

विली डिक्सन हा मिसिसिपींतून शिकागोस आलेला कृष्णवर्णीय गीतकार. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या कष्टांतून निपजलेल्या ‘ब्लूज’ या गायनप्रकाराचा तो मोठा आधारस्तंभ. त्याचीं दोन गीतें लेड झेपेलिननें पहिल्या तबकडींत त्याच्या नांवासह घेतलीं, हें त्यांच्या पक्षीं नमूद केलें पाहिजे. परंतु त्याच वर्षीं दुसऱ्या तबकडींत ‘होल लॉटा लव्ह’ हें गाणें आलें. तें अफाट गाजलें. आणि कर्ते म्हणून नांवें छापलीं तीं चौघांचींच. डिक्सननें रचलेलें व मडी वॉटर्सनें १९६२ सालीं गाइलेलें ‘यू नीड लव्ह’ शेजारीं ठेवून ऐकलें म्हणजे शब्दांची उसनवारी लपत नाहीं. डिक्सननें १९८५ सालीं दावा लावला, १९८७ सालीं न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि पुढें त्याचें नांव कर्त्यांत आलें. मध्यें अठरा वर्षें उलटलीं होतीं. याच डिक्सननें ब्लूजच्या कलावंतांस त्यांचा हक्काचा पैसा मिळवून देण्यासाठीं एक संस्था काढली, यावरून हा अनुभव त्याच्या एकट्याचा नव्हता हें उघड होतें.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ब्लूजमध्यें ओळी व चाली एकमेकांच्या घेण्याची रीत जुनीच आहे. शिवाय प्रत्येक आरोप खरा ठरला असेंही नाहीं. ‘स्टेअरवे टू हेवन’ या प्रसिद्ध गाण्याविरुद्धचा दावा २०१६ सालीं ज्यूरीनें फेटाळला व २०२० सालीं वरिष्ठ न्यायालयानेंही तोच निर्णय कायम केला. पण गरीब गवयानें गरीब गवयाची ओळ उचलणें आणि ती उचलून श्रीमंत होणें, या दोन गोष्टी आम्हांस एका तागडींत घालवत नाहींत.

म्हणूनच ‘हेवी मेटल’ या नांवाविषयीं आमची तक्रार आहे. ध्वनीचें वर्णन म्हणून तें चालेल. कुळ म्हणून चालणार नाहीं. त्या नांवानें इतिहास १९६९-७० च्या इंग्लंडांत सुरू झाल्यासारखा वाटतो, आणि मिसिसिपी व शिकागो नजरेआड होतात. आमच्या मतें हा वृंद ब्लूजच्या घरचा. मात्र घर सोडून फार हिंडलेला. हिंडतां हिंडतां तो मुंबईसही आला होता: १९७२ सालीं पेज व प्लांट यांनीं येथील वादकांना घेऊन आपलीं दोन गाणीं मुद्रित केलीं. तीं अधिकृतपणें प्रसिद्ध व्हावयास मात्र २०१५ साल उजाडलें.

ज्यांस स्वतःच पारख करावयाची असेल त्यांनीं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हें गाणें घ्यावें. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचें हें गीत मेम्फिस मिनी व कॅन्सस जो मॅकॉय या दांपत्यानें १९२९ सालीं दोन गिटारींवर मुद्रित केलें. लेड झेपेलिनचें गाणें १९७१ चें. त्यासाठीं बोनहॅमचा ड्रम हॅम्पशायरमधील एका जुन्या वास्तूच्या जिन्याखालीं मांडला होता व ध्वनिग्राहक वरच्या मजल्यावरून सोडले होते. या खेपेस मिनीचें नांव कर्त्यांत आरंभापासून छापलें होतें. प्रथम १९२९ ची तबकडी ऐकावी, मग १९७१ ची.