अदलाबदलीची जागा : संगणकाच्या स्मृतीचे मागील कोठार

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, आणि त्या शहरातील मराठी मंडळींना हा परिसर चांगला परिचयाचा आहे. अशाच एखाद्या वस्तीत एक लहानसे सार्वजनिक ग्रंथालय आहे, अशी कल्पना आपण करू. ग्रंथालयाने आपली ग्रंथसूची एका सर्व्हरवर ठेवली आहे. सर्व्हर म्हणजे अनेकांच्या मागण्या एकाच वेळी पुरविणारा संगणक होय. वर्षभर तो विनातक्रार चालतो. परीक्षेच्या दिवसांत मात्र एके दुपारी शेकडो विद्यार्थी एकदम सूची पाहू लागतात, यंत्र प्रथम मंदावते, आणि नंतर उत्तरच देईनासे होते. तपासाअंती असे आढळते की, सर्व नोंदी सांभाळणारा प्रोग्राम कार्यप्रणालीने स्वतःच मध्येच बंद केला. तबकडीवर तर भरपूर जागा मोकळी होती. मग असे का व्हावे?

याचे उत्तर समजण्यासाठी त्याच ग्रंथालयातील वाचनाच्या मेजाकडे पाहू. वाचकाला ग्रंथ मेजावर असल्याखेरीज वाचता येत नाही. परंतु मेज लहान असते आणि कोठार मोठे. मेज भरले की परिचर बराच वेळ न उघडलेला ग्रंथ उचलून कोठारात ठेवतो व मागितलेला ग्रंथ मेजावर आणतो. संगणकाची प्रमुख स्मृती हे मेज होय. तिच्यातील मजकूर तात्पुरता नेऊन ठेवण्यासाठी तबकडीवर जी जागा राखून ठेवतात, तिला अदलाबदलीची जागा अथवा ‘स्वॅप’ म्हणतात. ही ने-आण ठराविक आकाराच्या तुकड्यांनी होते, आणि योगायोग असा की त्या तुकड्याला ‘पान’ असेच नाव आहे. आजच्या बहुतेक सर्व्हरमध्ये एक पान ४,०९६ बाइटांचे असते. म्हणजे ८ जीबी स्मृतीत सुमारे २१ लक्ष पाने मावतात.

ही युक्ती जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या गणकयंत्राची चुंबकीय कड्यांची स्मृती ४० अंकस्थानांच्या अवघ्या २,०४८ शब्दांची होती. गणित मोठे असेल, तर ते स्मृतीत कसे बसवावे याची चिंता त्या काळी प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच करावी लागे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी बनविलेल्या, १९६२ च्या डिसेंबरात उद्घाटन झालेल्या ‘अ‍ॅटलास’ यंत्राने ही चिंता स्वतःकडे घेतली. त्याच्या वेगवान स्मृतीत ५१२ शब्दांची ३२ पाने मावत आणि फिरत्या चुंबकीय पिंपावर १९२. प्रोग्रामला मात्र सर्व मिळून एकच विस्तीर्ण स्मृती दिसे. कोणते पान केव्हा हलवावे, हे यंत्रच ठरवी.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुष्कळ जाणते लोकही तिच्याकडे दुर्लक्ष करतात. स्मृतीतील सर्व पाने एका जातीची नसतात. काही पाने तबकडीवरील फायलींच्या नकला असतात. त्यांत बदल झालेला नसेल तर ती खुशाल टाकून द्यावीत, मूळ प्रत सुरक्षित असते. परंतु प्रोग्रामने चालता चालता तयार केलेली आकडेमोड, याद्या, अर्धवट उत्तरे यांची प्रत इतरत्र कोठेही नसते. स्वॅप नसेल तर ही पाने, मग ती दिवसभर कोणी उघडलेली नसोत, मेजावरून हलविता येत नाहीत. मग कार्यप्रणाली पहिल्या जातीची पाने टाकू लागते, आणि त्यांत चालू प्रोग्रामच्या आज्ञांचीच पाने असल्याने ती पुन्हा पुन्हा वाचावी लागतात. यंत्र मंदावते ते येथे. तेवढ्यानेही भागले नाही, तर लिनक्स ही कार्यप्रणाली बहुधा सर्वांत अधिक स्मृती व्यापणारा प्रोग्राम निवडते व त्याचा शेवट करते. आपल्या ग्रंथालयात तो नेमका नोंदींचा प्रोग्राम होता.

मग स्वॅप भरपूर ठेवले म्हणजे काम झाले काय? तसेही नाही. प्रमुख स्मृतीतून काही मिळविण्यास सेकंदाचा सुमारे एक कोट्यंश लागतो. फिरत्या तबकडीवरून सेकंदाचा सुमारे शतांश. मेजावरचा ग्रंथ उचलण्यास एक सेकंद धरला, तर कोठारातून तो येण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागेल! फिरता भाग नसलेल्या एसएसडी साठवणीत हाच काळ त्या मापाने पावतासाच्या आसपास येतो. सुधारणा मोठी, पण पावतास म्हणजे सेकंद नव्हे. चालू कामाला लागणारी पानेच मेजावर मावत नसतील, तर परिचर दिवसभर धावतो आणि वाचन कोणाचेच होत नाही. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या अवस्थेची मीमांसा केली आणि दाखवून दिले की, प्रत्येक प्रोग्रामचा त्या त्या वेळचा एक ‘कार्यसंच’ असतो. तो स्मृतीत मावला पाहिजे. स्वॅप हे निजलेल्या पानांसाठी आहे, जाग्या पानांसाठी नव्हे.

जागा किती असावी याविषयी ‘स्मृतीच्या दुप्पट’ असा एक जुना नियम सांगतात. स्मृती महाग व तोकडी होती तेव्हा तो ठीक होता. रेड हॅट या संस्थेच्या मार्गदर्शनात २ जीबीपर्यंत दुप्पट, ८ जीबीपर्यंत तेवढीच, आणि ६४ जीबीपर्यंत निदान ४ जीबी असे प्रमाण दिले आहे. लिनक्समध्ये ‘स्वॅपिनेस’ नावाचा एक अंकही असतो, सामान्यतः ६०. तो कमी केला की कार्यप्रणाली दुसऱ्या जातीची पाने हलविण्यास नाखूष होते. हा अंक शून्यावर आणून निश्चिंत होणारे पुष्कळ आढळतात. वरील विवेचन वाचलेल्यास त्यातील धोका सांगावयास नको.

आता आपल्या ग्रंथालयाकडे वळू. तेथील सर्व्हरची स्मृती ४ जीबी आहे, असे धरू. व्यवस्थापकाने तबकडीवर ४ जीबीची एक फाईल राखावी आणि ती मुख्य प्रशासकाखेरीज कोणास वाचता येणार नाही अशी बंदिस्त करावी. कारण स्मृतीतील परवलीचे शब्दही तेथे जाऊन पडू शकतात. (जागाच कूटबद्ध करता आली तर अधिक चांगले.) मग ‘एमकेस्वॅप’ या आज्ञेने तिची आखणी व ‘स्वॅपऑन’ने तिचा वापर सुरू होतो. यंत्र पुन्हा चालू केल्यावरही ती कायम राहावी म्हणून ‘एफएसटॅब’ या फाईलमध्ये एक ओळ लिहावी लागते, आणि ती विसरण्याची चूक फार सामान्य आहे. उलट ‘स्वॅपऑफ’ ही आज्ञा देण्यापूर्वी मेजावर जागा आहे ना, हे पाहावे. तिकडील प्रत्येक पान आधी परत यावे लागते.

त्यानंतर आठवडाभर ‘व्हीएमस्टॅट’ या आज्ञेचे दोन स्तंभ पाहावेत, आत येणाऱ्या पानांचा व बाहेर जाणाऱ्यांचा. जागा निम्मी भरली, पण दोन्ही स्तंभांत शून्येच आहेत, तर प्रकृती उत्तम आहे. जागा थोडीच भरली, पण दोन्ही आकडे दुपारभर मोठेच राहिले, तर ग्रंथालयाच्या समितीपुढे अधिक स्मृतीच्या खरेदीचा प्रस्ताव परीक्षेच्या आधीच ठेवावा.