हाय खाल्लेले हृदय

‘पोरगा गेल्याची त्यांनी हाय खाल्ली,’ असे कोणी म्हटले की मराठी माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. अन्न तुटले, बोलणे थांबले, आणि थोड्याच दिवसांत तेही गेले, एवढे सगळे त्या ‘हाय’मध्ये आलेले असते. धसका घेणे, छातीत धस्स होणे, ऊर फुटणे, काळजाचे पाणी होणे... दुःखाचा आणि भीतीचा पत्ता मराठीने छातीतलाच दिला आहे. (काळीज हा शब्द खाटकाच्या दुकानात गेला की ‘कलेजी’ होतो आणि यकृत दाखवू लागतो, पण त्या घोटाळ्यात इथे शिरायला नको.) चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, सव्विसाव्या अध्यायात, हृद्रोगाची कारणे सांगताना तीव्र रेचकांच्या आणि बस्तीच्या जोडीला चिंता, भय आणि त्रास यांचीही नावे येतात. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेनेही १६२८च्या आपल्या ग्रंथात मनाची प्रत्येक खळबळ हृदयापर्यंत पोचते असे नोंदवून ठेवले आहे.

पण नोंदवणे वेगळे आणि मोजणे वेगळे. मोजण्याचा एक गाजलेला प्रयत्न इंग्लंडात झाला. कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांची नऊ वर्षांची माहिती तपासली आणि १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत या पुरुषांचा मृत्युदर त्या वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने ४० टक्क्यांनी अधिक निघाला, आणि या वाढीतला सर्वांत मोठा वाटा हृदयाच्या धमन्यांच्या विकारांचा होता. आजी गेली आणि वर्षश्राद्धाच्या आत आजोबाही गेले, हे आपण घरोघरी ऐकतो. त्याला आकडा मिळाला. यंत्रणा मात्र अजून कळली नव्हती.

ती कळण्याची सुरुवात जपानमधल्या एका मडक्यापासून झाली. हिरोशिमाजवळच्या समुद्रात ऑक्टोपस पकडायला जाळ्याऐवजी मातीची मडकी वापरतात. दोरीला बांधलेली ही मडकी तळाशी सोडून ठेवायची. ऑक्टोपसला अंधारे बीळ आवडते. तो आपणहून आत शिरतो आणि कोळी मडके वर ओढून घेतात. पोट गोल, मान अरुंद. ‘ताको’ म्हणजे ऑक्टोपस, ‘त्सुबो’ म्हणजे मडके. १९८०च्या दशकात हिरोशिमातील डॉ. हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे काही विचित्र रुग्ण आले. छातीत कळ, इसीजी हार्ट अटॅकचा, रक्ततपासणीही त्याच दिशेची. अँजिओग्राफी केली तर धमन्या मोकळ्या! अडथळा कुठेच नाही. पण शरीरभर रक्त ढकलणारी डावी जवनिका आकुंचन पावताना भलताच आकार घेत होती. वरचा भाग जोराने आवळला जात होता आणि टोकाकडचा भाग लुळा पडून फुग्यासारखा फुगलेला राहत होता. पडद्यावर दिसले ते हुबेहूब मडके. १९९० मध्ये त्यांनी या अवस्थेला ‘ताकोत्सुबो’ हे नाव दिले. काही दिवसांत किंवा आठवड्यांत बहुतेकांचे हृदय पुन्हा आकारात येत होते.

पंधरा वर्षे हा बऱ्याच अंशी जपानी विषय राहिला. मग २००५ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या इलन विटस्टाइन यांच्या गटाने अशा १९ रुग्णांचा अभ्यास छापला. १९ पैकी १८ स्त्रिया. त्रास सुरू होण्याआधी कोणाच्या घरी मृत्यू झाला होता, कोणाला लुटले गेले होते, कोणाला कोर्टात उभे राहायचे होते, कोणाला सभेत बोलायचे होते. एकीला तर तिच्या नकळत आखलेल्या मेजवानीने दचकवले होते. या रुग्णांच्या रक्तातले अ‍ॅड्रिनॅलिन आणि त्याच्या जातीची इतर संप्रेरके मोजली, तेव्हा ती मोठा हार्ट अटॅक आलेल्या रुग्णांच्या दोन ते तीन पट निघाली. ‘हाय’ला रासायनिक पुरावा मिळाला तो हा. संकटात पळायला किंवा लढायला बळ देणारे हेच द्रव्य फार मोठ्या लोंढ्याने आले की हृदयाच्या स्नायूला झोडपून काढते. जवनिकेच्या टोकाकडचा भाग त्याला अधिक संवेदनशील असल्यामुळे तोच लुळा पडतो, असे मानले जाते. पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजेनचे कवच ओसरते, म्हणून उतारवयातल्या स्त्रिया अधिक बळी पडतात, हे स्पष्टीकरण सर्वांत पटणारे आहे. अंतिम मात्र नव्हे.

पुढे झ्युरिकहून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत १,७५० रुग्ण जमले आणि २०१५ मध्ये त्यांचा तपशील आला. दहांतल्या नऊ स्त्रिया, सरासरी वय ६७च्या आसपास. इथे रूढ समजाला दोन धक्के बसतात. एक, ‘भग्नहृदय’ हे रोमँटिक नाव असले तरी भावनिक कारण २८ टक्क्यांतच सापडले. शस्त्रक्रिया, दमा, संसर्ग अशी शारीरिक कारणे ३६ टक्क्यांत होती आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांत काहीच कारण दिसले नाही. दुसरा धक्का माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. या रुग्णांपैकी सुमारे ५६ टक्के लोकांना आधीपासून मानसिक किंवा मज्जासंस्थेचा एखादा विकार होता. नेहमीच्या हार्ट अटॅकच्या रुग्णांत हे प्रमाण २६ टक्के. म्हणजे बातमी कानावर पडते त्या क्षणी हृदय कोलमडते खरे, पण जमीन कधीकधी आधीपासूनच भुसभुशीत झालेली असते. हा आजार निरुपद्रवी नाही, हेही त्याच नोंदवहीने दाखवले. रुग्णालयातला मृत्यूचा धोका नेहमीच्या हार्ट अटॅकइतकाच होता. अ‍ॅबर्डीनच्या संशोधकांनी वर्ष उलटून गेलेले रुग्ण तपासले, तर इको जवळजवळ सामान्य असूनही पुष्कळांना दम लागत होता आणि स्नायूची ऊर्जा कमीच भरत होती.

एका धक्क्याची गोष्ट नाट्यमय असते, म्हणून तीच सांगितली जाते. १७ जानेवारी १९९४च्या पहाटे लॉस एंजेलिस भागात भूकंप झाला. त्या दिवशी तिथे हृदयविकाराने अचानक मृत्यू आले २४ जणांना. एरवीची रोजची सरासरी पाचच्याही आत. पुढच्या काही दिवसांत मात्र ही संख्या नेहमीपेक्षाही खाली गेली. ज्यांच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या होत्या, त्यांनाच धक्क्याने चार दिवस आधी गाठले असावे, असा त्याचा अर्थ लावता येतो.

पण रोजच्या दवाखान्यात भेटतो तो भूकंप नव्हे, ओल. भिंतीत मुरत जाणारी. मॉन्ट्रियलच्या नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांनी हार्ट अटॅकमधून वाचलेल्या २२२ रुग्णांना घरी पाठवण्यापूर्वी नैराश्याचे प्रश्न विचारले. १९९३ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, ज्यांना तीव्र नैराश्य होते त्यांचा सहा महिन्यांतला मृत्यूचा धोका, हृदयाच्या दुखापतीची तीव्रता हिशेबात धरूनही, इतरांच्या चौपट होता. कारणे अनेक आणि एकमेकांत गुंतलेली. नैराश्यात माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, सोडलेली विडी पुन्हा धरतो. त्याशिवाय रक्तातल्या बिंबिका चिकट होतात, दाह वाढतो, ठोक्यांमधली निरोगी लवचीकता कमी होते. २०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी २९३ जणांच्या मेंदूचे स्कॅन पाहिले. भीतीची जाणीव सांभाळणारा अमिग्डाला ज्यांच्यात अधिक धगधगत होता, त्यांना पुढच्या काही वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघात अधिक झाले. त्या धगीबरोबर अस्थिमज्जेची हालचाल आणि धमन्यांमधला दाहही वाढलेला होता.

मग नैराश्य बरे केले की हृदय वाचते का? इथे प्रामाणिक उत्तर निराशाजनक आहे. २००३ मध्ये अमेरिकेत जवळपास अडीच हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीत समुपदेशनाने मन थोडे सावरले, मृत्यू मात्र घटले नाहीत. म्हणून ‘मन प्रसन्न ठेवा, अटॅक टळेल’ असे सांगणाऱ्या पुस्तकांवर मी विश्वास ठेवत नाही. नैराश्यावर उपचार करायचे ते नैराश्य हाच एक छळ आहे म्हणून.

खरे नुकसान मात्र दुसरीकडे होते. साठीतली बाई छातीत दडपण घेऊन येते, नवऱ्याला जाऊन महिना झालेला असतो, आणि तिला सांगितले जाते, ‘काकू, काही नाही, टेन्शन आहे. मनाचं आहे.’ आपल्याकडे ‘मनाचं’ याचा अर्थ ‘खोटं’ असा होतो. ताकोत्सुबोत मात्र ते मनाचेही असते आणि स्नायूचेही. शिवाय अँजिओग्राफी झाल्याखेरीज ताकोत्सुबो आणि अडकलेली धमनी यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. घरी बसून तर मुळीच नाही. इसीजी आणि ट्रोपोनिनची तपासणी दुःखात असलेल्या माणसालाही तितक्याच तातडीने लागते.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये हृदयरुग्णांना सुरुवातीला दोनच प्रश्न विचारायला सुचवले. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला आहे का? आणि, उदास किंवा हताश वाटते आहे का? उत्तर होकारार्थी आले तर पुढची नऊ प्रश्नांची यादी आणि गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञ. हे प्रश्न आपल्या ओपीडीत सहज विचारता येतील. फक्त त्या वेळी मुलाला बाहेर थांबायला सांगावे लागेल. नाहीतर आईच्या वतीने उत्तर तोच देतो: ‘तिला काही नाही डॉक्टर, ती विचार फार करते.’