परत फिरण्याची कला

चक्रव्यूहांत शिरण्याची विद्या अभिमन्यूस ठाऊक होती. बाहेर पडण्याची नव्हती. ही कथा आपण सर्वांनीं लहानपणींच ऐकली आहे. आज ज्या खेळाविषयीं मी बोलणार आहें, त्याचें मर्मही हेंच आहे.

हा खेळ संगणकावर एकट्यानें खेळावयाचा. पण हाताखालीं सहा जणांची टोळी असते. 'विझर्ड्री' हें त्याचें नांव. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत शिकलेल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांनीं तो रचला आणि १९८१ सालीं तो प्रसिद्ध झाला. कागद व फांसे घेऊन मित्रमंडळींत खेळावयाच्या १९७४ सालच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची रीत त्यांनीं पडद्यावर आणली. कथानक लहानसेंच आहे. एका वेड्या अधिपतीचा ताईत चोरून वर्डना नांवाचा जादूगार दहा मजली भुयाराच्या तळाशीं दडला आहे. तो ताईत परत आणावयाचा.

खरी परीक्षा टोळी जमवितांनाच सुरू होते. ओळींतील पहिले तिघेच हातघाईची लढाई करूं शकतात. म्हणून पुढें चिलखत घातलेले योद्धे ठेवावे लागतात. मागें जखमा भरून काढणारा पुरोहित, पेटीवरील सापळा ओळखणारा चोर आणि मांत्रिक. मांत्रिक एका मंत्रानें शत्रूंचा घोळका निजवितो. पण आरंभीं त्याला एखादा घावही सोसवत नाहीं. एकाची उणीव दुसऱ्यानें भरून काढावी, तेव्हांच सहाही जण जगतात.

भुयाराचा प्रत्येक मजला वीस गुणिले वीस, म्हणजे ४०० चौकोनांचा. त्याचा नकाशा खेळणाऱ्यानें चौकटीच्या कागदावर स्वतः काढावयाचा. कोठें गडद अंधार, तर कोठें पाय पडतांच दिशा नकळत फिरते आणि पुढचा सारा नकाशा चुकतो. मंत्रांची संख्याही मोजकीच. ते संपले कीं वर गांवांत येऊन सराईंत झोंप घेतल्याखेरीज पुन्हां मिळत नाहींत.

आतां कल्पना करा. पुरोहिताजवळ एकच मंत्र उरला आहे आणि समोर न उघडलेलें दार आहे. आंत धन असेल, मृत्युही असेल. बहुतेक नवशिके दार उघडतात. सहाही जण पडले, तर त्यांचीं प्रेतें तेथेंच राहतात, आणि संगणक ती नोंद तत्काळ तबकडीवर करतो. मग दुसरी टोळी उभारून त्याच वाटेनें तीं वर आणावीं लागतात. देवालयांत द्रव्य देऊन मृतास उठवितां येतें. पण तो प्रयत्न फसला तर देहाची राख होते, आणि राखेवरील प्रयत्नही फसला तर तो गडी कायमचा गेला. आठवडेच्या आठवडे वाढविलेला योद्धा असा एका दारापायीं नाहींसा होतो.

म्हणूनच हा खेळ केवळ करमणूक नव्हे. पुढें टाकलेलें प्रत्येक पाऊल परतीच्या वाटेंत दुसऱ्यांदा मोजावें लागतें, ही गोष्ट तो शब्दाविना शिकवितो. पुढें निघालेल्या अनेक खेळांत हवें तेथें खूण करून ठेवतां येते, आणि झालेली चूक पुसतां येते. ती सोय मोठी खरी. परंतु चूक पुसतां येऊं लागली कीं दारापाशीं थबकण्याची संवयही सुटते. चांगला नायक कोण, असें मला विचाराल, तर मी सांगेन : बंद दाराकडे एकवार पाहून, आपल्या माणसांची मोजदाद करून, जो मुकाट्यानें मागें वळतो तो.